विज्ञान बी हेच म्हणायलंय

"विज्ञान बी हेच म्हणायलंय" हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकलं की आजही माझं डोकं उठतं. पूर्वी ते असं बोलत नसत. पूर्वी एखादी गोष्ट पाळायची असली तर 'पहिल्यापासून चालत आलंय' एवढंच म्हणायचे, आणि त्यावर माझी फारशी तक्रार नसायची. चालत आलेल्या गोष्टीशी भांडता येतं, तिच्यातून वाट काढता येते, अडचण असली तर काणाडोळाही करता येतो. पण टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी त्यांना हे नवं वाक्य दिलं. पिंपळाला फेऱ्या मारल्या की जास्त प्राणवायू मिळतो, विज्ञान बी हेच म्हणायलंय. देवळातली घंटा वाजवली की तिच्या आवाजानं जंतू मरतात, विज्ञान बी हेच म्हणायलंय. मी बी.एस्सी. झालेली आहे, पाटोद्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. कुणी म्हटलं, कुठं म्हटलं, कसं तपासलं, असं मी विचारते तेव्हा अण्णा हातातला रिमोट टीव्हीकडे करतात. त्यांच्या दृष्टीनं तिथं प्रश्न संपतो.

यात अण्णांची चेष्टा करायचा माझा हेतू नाही. त्यांची चेष्टा करण्याची माझी लायकीही नाही. अण्णा आणि माय दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. मी शिकावं म्हणून माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या अक्कानं आठवीत शाळा सोडली. तोडीच्या दिवसांत ती माझ्याबरोबर गावी राहिली. शेळ्या राखल्या, भाकऱ्या थापल्या, माझी वेणी घालून मला शाळेत पाठवलं. नंतर तिचं लग्न झालं आणि तीही नवऱ्याबरोबर तोडीला जाऊ लागली. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात, तशी ती अर्धा कोयता झाली. मी बीडला वसतिगृहात राहून पदवी घेतली. भावकीतले लोक अण्णांना म्हणायचे, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करायलास का बे?" अण्णा म्हणायचे, "न्हाई झाली कलेक्टर तर न्हाई. आमच्यावानी अडाणी तर न्हाई ऱ्हाणार." आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, तो या तिघांमुळे. त्यामुळे माझं त्यांच्याशी भांडण होतं तेव्हा ते पूर्ण जोरात होत नाही.

टीव्हीही मीच आणला. अण्णांची कंबर गेली होती, तोडीला जाणं बंद झालं होतं, घरात बसून त्यांचा जीव कोंडायचा. मला वाटलं, बातम्या बघतील, जग कळेल.

सुरुवातीला मी प्रयत्न केले. एका रविवारी दुपारी मी मोबाईल टीव्हीला जोडून घरच्यांना एक सिनेमा दाखवला. त्यात एक तरुण मास्तर गावातल्या बाबाचं पितळ उघडं पाडतो. बाबा मंत्र म्हणून हवन पेटवतो, आणि मास्तर भर सभेत तसंच हवन पेटवून दाखवतो, त्यात कोणतं रसायन आहे तेही सांगतो. मी तो कॉलेजात असताना पाहिला होता आणि मला तो फार आवडला होता. अण्णा, माय आणि शेजारच्या मामी, तिघं ओळीनं बसून बघत होते. बाबाला पोलीस नेतात तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"बेस झालं. असल्या भोंदूंना चाबकानं फोडलं पायजे."

मला बरं वाटलं. मी लगेच विचारलं, "मग अण्णा, पहिलं लेकरू गेल्यावर अक्काला तुम्ही त्या डोंगरापलीकडच्या महाराजाकडे नेलं होतं, तो याच्यापेक्षा काय वेगळं करायचा?"

"त्याचं येगळं हाय."

"काय वेगळं?"

"ह्यो सिनेमातला बाबा खोटा होता, तवा त्यानं औषध लपवून ठेवलंतं. आमच्या महाराजाच्या हातात काईच नसतंय. म्या सोता बघितलंय. म्हणून तर सांगायलाव, खोटे लई झालेत, खरा वळखता आला पायजे."

माय म्हणाली, "आन त्या मास्तराच्या आईचा दिवा शेवटी इझला न्हाई की. एवढं वादळ सुटलं तरी."

हे मी विसरले होते. सगळा सिनेमा तर्कानं चालवून दिग्दर्शकानं शेवटी वादळ आणलं होतं, गावातले सगळे दिवे घालवले होते आणि नास्तिक मास्तराच्या आईचं निरांजन मात्र संगीताच्या साथीनं तेवत ठेवलं होतं. मास्तर त्याच्याकडे बघून हात जोडतो आणि सिनेमा संपतो. कॉलेजात मला हा शेवट टोचला नव्हता. मायला तेवढाच लक्षात राहिला.

मामी उठता उठता म्हणाल्या, "पोरगं बोलायला चांगलं हाय, पर शेवटपतूर बिनलगनाचं ऱ्हायलं बघ. देव न मानणाऱ्याला कोण पोरगी देणार?" मग माझ्याकडे बघून, "आन असल्या पोरीला तरी कोण पोरगा देणार म्हणा," असं म्हणून त्या हसत गेल्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझं लग्न ठरलेलं नव्हतं.

त्यानंतर मी सिनेमे दाखवायचं सोडून दिलं. एरवीच्या सिनेमांत आणि मालिकांत तर काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर येतो, चष्मा काढतो आणि म्हणतो की आता सगळं वरच्याच्या हातात. इतकं शिकलेला माणूस शेवटी हेच सांगणार असेल तर माझ्या मायनं आधीच वरच्याकडे जाण्यात काय चूक केली?

अक्काची गोष्ट या पार्श्वभूमीवर घडली. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन राहिली नव्हती. पहिलं तोडीच्या फडावरच गेलं, दुसरं पाचव्या महिन्यात. या वेळी बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की तिला गरोदरपणातली साखर आहे, इन्सुलिन घ्यावं लागेल, कष्टाचं काम बंद. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. भावजींनी त्या वर्षी तोडीला दुसरा जोडीदार बघितला. अक्का दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची आणि बाळ हललं की मायला हाक मारून सांगायची. हललं नाही तर कुणाला सांगायची नाही, पण तिचा चेहरा बघून आम्हाला कळायचं.

मायनं या वेळी कोणतीच बाजू सोडली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं इंजेक्शन ती स्वतः शिकली. इन्सुलिनचं पेन फ्रीजमधून कधी काढायचं, आकडा किती फिरवायचा, सगळं तिनं न लिहिता पाठ केलं. आणि दुसरीकडे अक्काच्या दंडाला काळा दोरा होता, कमरेला मंतरलेली गाठ होती, उशाला अंगारा होता. मी कधी काही बोलले तर म्हणायची, "तुझं बी करायलोत, त्येंचं बी करायलोत. दोनदा हात रिकामे झालेत. तिसऱ्यांदा मला कुणाला बी नाराज करायचं न्हाई."

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं. संध्याकाळी मावळतीच्या आधी लागायचं आणि सूर्य ग्रहणातच बुडायचा. आमच्याकडे ग्रहणाला गिऱ्हाण म्हणतात आणि पोटुशी बाईनं ते पाळायचं असतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं. नाहीतर लेकराचा ओठ फाटतो, कान तुटतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण या वेळी टीव्हीनं त्यात भर घातली. आठवडाभर आधीपासून एका वाहिनीवर रोज चर्चा चालू होती. पाठीमागे मोठा लाल सूर्य गरगर फिरत होता. एका बाजूला भगव्या उपरण्यातले ज्योतिषी. मधे कोट घातलेले, चष्म्याचे एक गृहस्थ, ज्यांच्या नावाखाली 'विज्ञान अभ्यासक' लिहिलेलं असायचं. आणि कोपऱ्यातल्या लहान चौकटीत कुठल्यातरी कॉलेजातले खगोलशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांचा आवाज सारखा तुटत होता.

कोटवाले गृहस्थ म्हणाले की ग्रहणात किरणोत्सर्ग वाढतो, शिजलेलं अन्न दूषित होतं आणि गर्भावर थेट परिणाम होतो, म्हणून गर्भवतींनी पहाटे वेध लागल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत अन्न घेऊ नये. औषधं मात्र चालू ठेवावीत. औषधाला दोष नाही. प्राध्यापक म्हणाले, "असं काही होत असल्याचा पुरावा आत्तापर्यंत तरी..." आणि जाहिरात लागली.

"बघ," अण्णा म्हणाले, "विज्ञान बी हेच म्हणायलंय."

"अण्णा, तो कोपऱ्यातला माणूस खरा शास्त्रज्ञ आहे. तो नाही म्हणतोय."

"त्याला धड बोलता बी येईना. आत्तापर्यंत तरी म्हणायलाय. म्हणजे त्याची त्यालाच खात्री न्हाई. ज्याला खात्री न्हाई त्याचं कावून ऐकायचं?"

मी वर्गात मुलांना शिकवते की विज्ञान आपल्या माहितीची मर्यादा सांगून बोलतं, तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. अण्णांच्या घरात तो प्रामाणिकपणा नापास झाला.

मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पयल्यांदी पोटुशीला अन् आजाऱ्याला सूट असायची गं. लेकुरवाळीला सुदीक असायची. पाटंपासून उपाशी कोण ठेवायचं?"

"पयल्यांदी लोकांना कळत नव्हतं," अण्णा म्हणाले.

मला त्या क्षणी मामींचे पाय धरावेसे वाटले. रूढीत जी सूट होती ती टीव्हीवरच्या विज्ञान अभ्यासकांनी काढून टाकली होती. मी मामींचाच धागा पकडला. मी मायला म्हटलं, "मी तुझ्या पोटात असताना गिऱ्हाण आलं होतं ना? तूच सांगितलंस. भर फडात दिवसा अंधारल्यासारखं झालं आणि तुम्ही कोयते चालवत होतात. संध्याकाळी मुकादमानं सांगितलं तेव्हा कळलं. मग माझा ओठ फाटला का?"

माय म्हणाली, "तवा म्हाईत नव्हतं म्हणून काय झालं न्हाई. आता म्हाईत हाय."

"माहीत नसताना होत नाही आणि माहीत असलं की होतं?"

"अडाण्याला माफ असतंय," अण्णा म्हणाले. "आपल्या घरात आता शिकलेलं माणूस हाय. आपल्याला कोण माफ करणार?"

ते हे कौतुकानं म्हणाले होते. माझी पदवी माझ्याच विरुद्ध साक्षीला उभी केली होती आणि मला राग कुणावर काढावा ते कळेना. शेवटी मी मायचा हात धरून तिच्याकडून कबूल करून घेतलं की काही झालं तरी अक्काला दुपारी जेवू घालायचं. ती हो म्हणाली.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी अक्कानं माझ्यासमोर न्याहारी केली. अण्णा अंगणात जाऊन बसले, त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. फराळाच्या सगळ्या डब्यांवर मायनं तुळशीची पानं ठेवली होती. अण्णांनी मला बोलावून सांगितलं की तुळशीनं किरणोत्सर्ग अडतो. दहावीच्या मुलांना तो शब्द धड म्हणता येत नाही, अण्णांनी तो एका दमात म्हटला. त्यांना निदान ग्रहण तरी नीट दाखवावं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की थोडी भीती जाईल, असं मला वाटलं. शाळेच्या प्रयोगशाळेत ग्रहण बघायचे चष्मे होते. शिपाईमामांकडून किल्ली घेऊन ते आणायला मी स्कूटीवरून पाटोद्याला गेले. दिवाळीची गर्दी होती, शिपाईमामा घरी नव्हते, त्यांची वाट बघावी लागली. परत यायला तिसरा प्रहर झाला.

घरात शिरले तर टीव्हीचा आवाज मोठा होता. अक्का आतल्या खोलीत होती. खिडकीला घोंगडी लावलेली, दाराला ओलं धोतर. ती भिंतीला टेकून बसली होती आणि थरथरत होती. कपाळ, मान, ब्लाउज, सगळं घामानं भिजलेलं. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखल्यासारखं बघितलं नाही. "शेळ्या बांधल्या का गं?" असं म्हणाली. आमच्या घरी शेळ्या नसून बरीच वर्षं झाली होती.

माय तिच्या कपाळाला अंगारा लावत होती. अण्णा दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. "अजून लागलं बी न्हाई तर हिला बाधलं. लेकराला किरणं लागली. सकाळच्यालाच खायला नव्हतं पायजे."

मी विचारलं, "दुपारी जेवली का?"

माय अंगारा लावतच राहिली.

"माय, जेवली का ही?"

"टीव्हीत पुन्हा पुन्हा सांगायले होते गं. मला धीर झाला न्हाई."

"आणि इंजेक्शन?"

"दिलं की. येळेवर दिलं," माय घाईनं म्हणाली. "ते चुकवलं न्हाई. औषधाला दोष न्हाई."

मी हे पुष्कळदा मनात उलटून पाहिलं आहे. तिनं डॉक्टरीणबाईंचं ऐकलं होतं आणि टीव्हीचंही ऐकलं होतं. दोन्ही अगदी सांगितल्याप्रमाणे. जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि जेवण दिलं नाही. ज्या घरात नुसता डॉक्टर मानतात तिथं हे झालं नसतं, आणि ज्या घरात नुसतं गिऱ्हाण मानतात तिथंही झालं नसतं.

तेव्हा मात्र मला विचार करायला वेळ नव्हता. स्वयंपाकघरात धावत गेले, पेल्यात साखर घेतली, पाणी ओतून बोटानंच ढवळली आणि चमचा घेऊन आले. मायनं माझं मनगट धरलं. तिनं ते जोरात धरलं नव्हतं, नुसतं धरून ठेवलं होतं.

"येध हाईत," ती म्हणाली.

"हिच्या रक्तातली साखर उतरलीय. इंजेक्शननं उतरवली आणि वर जेवण गेलं नाही. आत्ता दिली नाही तर ही बेशुद्ध पडेल."

मी मनगट सोडवून घेतलं आणि चमचा अक्काच्या तोंडाशी नेला. आणि अक्कानंच तोंड मिटून घेतलं. तिला माझं नाव आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. दोन्ही हात पोटावर आवळून तिनं मान फिरवली.

"नगं," ती म्हणाली. "ह्ये बी जाईल."

मला आजवर जे काही शिकवलं गेलं, जे मी शिकवते, त्यातलं एकही वाक्य तिथं चालण्यासारखं नव्हतं. पचन, ग्लुकोज, पेशी, सावली, चंद्राची कक्षा. मी सगळं सोडून दिलं आणि मायकडे वळून म्हणाले, "माय, ही साखर खायची नाही. हे औषध आहे. इंजेक्शन जास्त झालं की त्याच्यावर उतारा म्हणून देतात. दवाखान्यात हेच देतात."

"औषध हाय?"

"औषध आहे."

मायनं माझ्या हातातून पेला घेतला. अक्काची हनुवटी धरली, लहान लेकराला धरतात तशी, आणि म्हणाली, "औषध हाय, बाई. औषधाला काय न्हाई. आ कर."

अक्कानं आ केला. चमच्या-चमच्यानं मायनं सगळा पेला तिला पाजला. मी तोवर डॉक्टरीणबाईंना फोन लावत होते. काही वेळानं अक्काचा घाम थांबला, थरथर कमी झाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू कवा आलीस?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. पण तिथंही संपलं नाही. साखरेवर भागत नाही, तिला आता पोटभर खायला पाहिजे होतं. मी भाकरी वाढायला उठले तर माय म्हणाली, "साखर औषध हाय. भाकर कशी औषध असंल?"

आयुष्यात इतकी हताश मी कधी झाले नाही. आता भाकरीलाही औषध ठरवायचं. तेवढ्यात फोन लागला. डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या, मागे फटाके वाजत होते. मी झालं ते सांगितलं आणि फोनचा आवाज मोठा केला. त्यांनी आधी कुणाला काही विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या, "तिला आत्ताच्या आत्ता जेवायला द्या. मी फोनवर आहे. जेवायला बसली की मला सांगा." मग म्हणाल्या, "कुणी अडवतंय का? फोन द्या त्यांच्याकडे."

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "न्हाई बाई, कुणी आडवत न्हाई. बसली जेवायला," ते म्हणाले, आणि मायला हातानं खुणावलं. बाईंनी बाळ हलतंय का ते विचारायला सांगितलं. अक्कानं पोटावर हात ठेवला. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत राहिलो. "हललं," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली, आणि रडता रडताच भाकरी खात होती. बाईंनी सकाळी दवाखान्यात घेऊन यायला सांगितलं आणि रात्रभर काय बघायचं तेही सांगितलं.

बाहेर गिऱ्हाण लागलं, सूर्य त्यातच बुडाला. चष्मे पिशवीतून काढलेच गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बीडला बाळाचे ठोके ऐकले, सगळं ठीक होतं. दवाखान्याच्या बाहेर बाकावर अण्णा शेजारच्या माणसाला सांगत होते, "गिऱ्हाणात साखर चालती. डॉक्टरनं फोनवर सांगितलंय. औषधच असतंय ते." मी समोर उभी होते. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ते मी सांगितलं होतं. आणि ते तसं नाही." ते म्हणाले, "तूच सांगितलं गं. पर तुझं नाव घेतल्यावर कोण ऐकंल?"

पौर्णिमेला पुन्हा ग्रहण होतं, या वेळी चंद्राचं. अण्णांनी सकाळपासून तीच वाहिनी लावली होती. तेच कोटवाले गृहस्थ, पाठीमागे आता चंद्र फिरत होता. मला सुट्टी होती, मी घरीच बसले होते, भांडायची पूर्ण तयारी करून. दुपारी माय इंजेक्शन घेऊन आली, ताट आणलं नाही. अक्का उठली, स्वयंपाकघरात गेली, स्वतःच्या हातानं ताट वाढून घेऊन आली आणि अण्णांच्या शेजारी टीव्हीसमोर बसली. मग म्हणाली, "दे आता."

माय म्हणाली, "बाई, इच्यार कर."

"केला." तिनं इंजेक्शन घेतलं आणि पहिला घास उचलला. मी जवळ सरकले तर मला म्हणाली, "तुझं पटलंय म्हणून खायले असं समजू नकु. मला अजून बी भ्या वाटतंय. पर त्या दिवशी मला लेकरू हललेलं बी कळत नव्हतं. तसं पुन्हा नगं." मग अण्णांना म्हणाली, "आवाज कमी करा जरा."

अण्णांनी आवाज कमी केला. बंद केला नाही. अक्का जेवून होईस्तोवर माय तिच्या तोंडाकडे बघत होती.

मार्गशीर्षात अक्काला मुलगी झाली. बीडलाच झाली, सुखरूप झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळून आणून दिली तेव्हा मायनं आधी तिचा ओठ बघितला, मग दोन्ही कान, मग हातापायाची बोटं एकेक सोडवून बघितली. सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं दुपटं बाजूला केलं आणि मुलीच्या मांडीवर बोट ठेवलं. तिथं फिकट तपकिरी रंगाचा, करंगळीच्या नखाएवढा एक डाग होता.

"गिऱ्हाणाचा डाग," माय हळूच म्हणाली.

अण्णा वाकले. "कोणच्या गिऱ्हाणाचा? सूर्याच्या का चांद्याच्या?"

"चांद्याच्या असंल. चांद्याच्या दिवशी भाकर खाल्ली. सूर्याच्या येळी तर आधी औषध घेतलंतं."

मी म्हटलं, "माय, असे डाग कितीतरी लेकरांना असतात. कातडीत रंग देणाऱ्या पेशी असतात, त्या एका जागी जास्त झाल्या की..."

"मंग त्याच जागी कावून झाल्या?" अण्णांनी विचारलं. ते खरोखर विचारत होते.

"ते नेमकं सांगता येत नाही, पण..."

"बघ. सांगता येत न्हाई."

मी तोंड उघडलं. दोन ग्रहणांचा, सगळ्या सिनेमांचा, त्या कोटवाल्या गृहस्थांचा सगळा राग एकदम वर आला होता आणि या वेळी मी थांबणार नव्हते. तेवढ्यात खाटेवरून अक्का म्हणाली, "डाग हाय तर असू द्या. पोरगी हाय ना?"

माय म्हणाली, "हाय, बाई. हाय."

"मंग द्या हिकडं." तिनं हात पुढे केले, मुलीला कुशीत घेतलं, दुपटं नीट ओढलं. मी अजून पेशींबद्दल सांगायला तशीच उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं.

"तू बी गप जरा," ती म्हणाली. "निजायली ती."